आधीच्या कुणाचं मीठ

किल्ली देताना हेल्वेबाईंनी माझं नाव वाचलं,
अर्धंच. थोको.
पुढचं 'झानी' जिभेवर न घेता
टेबलावर तसंच ठेवलं, सुट्ट्या पैशांसारखं.
मी उचललं, खिशात टाकलं.
चौथा मजला. लिफ्ट नाही.
बॅगेचं एक चाक लिलाँग्वेच्या विमानतळावरच निखळलेलं.

खोलीत खाट, खुर्ची, खिडकीत बर्चचं झाड,
अन् भिंतीवर चिकटपट्टीच्या चार खुणा:
कुणाचा तरी नकाशा, किंवा कुणाची तरी आई
इथून सोलून नेलेली.
स्वयंपाकघरात माझ्या नंबराच्या कप्प्यात
अर्धी बरणी मीठ.
एवढाच वारसा.

पहिला आठवडा कागदांचा.
बँक म्हणाली, रहिवासी कार्ड आणा.
कार्डवाल्यांना हवा पत्त्याचा दाखला,
दाखल्यासाठी भाड्याची पावती,
पावतीसाठी बँकेत खातं.
मला हसू फुटलं. काचेमागचा तरुण गोंधळला,
त्याने शेजारच्या मारेतला विचारलं,
मारेतने कुणाला तरी फोन केला,
आणि ते गोल कुठेतरी उसवलं.
कुठे, ते मला अजून कळलेलं नाही.

दुकानात पीठ ओळखायचं रंगावरून.
मक्याचं असेल म्हणून पांढरंशुभ्र काहीतरी आणलं,
उकळत्या पाण्यात वैरलं, घाटलं.
न्सिमा होईना. डिंक झाला.
बटाट्याचं सत्त्व होतं ते.
तिबिलिसीची नातेला दारात उभी राहून पाहत होती.
म्हणाली, "वॉलपेपर लावायचाय का?"
डाव पातेल्यात उभा राहिला तो पडेचना.
त्या रात्री तिचा पाव खाल्ला दोघींनी.
पातेलं अजून पुरतं निघालेलं नाही.

आईने फोनवर विचारलं, जेवलीस?
म्हटलं, हो.
लोक बोलतात का?
इथे मी जरा थांबले.
झोम्ब्याच्या बाजारात आधी खुशाली विचारावी लागते,
उत्तर ऐकावं लागतं, त्यांच्या कोंबड्यांचीही चौकशी होते,
मग कुठे टोमॅटोचा भाव.
तार्तूच्या बसथांब्यावर माणसं
दोघांत एक गाय मावेल एवढी जागा सोडून उभी राहतात.
"बोलतात," मी म्हटलं. "हळू."

सप्टेंबर सरता सरता
लाकडी घरांच्या गल्लीत कुंपणांपाशी खोकी दिसू लागली,
सफरचंदांनी भरलेली, वर पुठ्ठ्यावर काही लिहिलेलं.
तीन दिवस मी नुसतीच पुढून गेले:
किंमत असेल, ताकीद असेल,
कुत्र्याचं नाव असेल.
चौथ्या दिवशी कुंपणाआडून एक म्हातारा आला,
काही न बोलता माझ्या टोपीत सहा सफरचंदं घातली;
सातवं उजेडात धरून पाहिलं,
किडकं निघालं म्हणून परत घेतलं.

आभाराचा तिथला शब्द ऐन वेळी आठवेना.
मी घाईत माझं नावच सांगून टाकलं.
आमच्याकडे त्याचा अर्थच तो: आभार माना.
हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं.
त्याने ते म्हणून पाहिलं,
परीक्षेला बसल्यासारखं, एकेक अक्षर,
चारही.

मीठ गेल्या रविवारी संपलं.
तळाशी तांदळाचे पाच-सहा दाणे निघाले,
ओल धरू नये म्हणून कुणी टाकलेले.
म्हणजे ती, किंवा तो, दमट हवेच्या गावचा असणार.
इतका कोरडा हीटर इथे, तरी सवय सुटली नाही.
ज्याचं मीठ खाल्लं त्याला जागावं म्हणतात.
जागणार कुणाला? नाव नाही, गाव नाही,
फक्त खोलीचा नंबर एक.
नवी पुडी फोडून बरणी भरली.
दाणे परत आत टाकले.

चार वाजता बाहेर अंधार.
नातेला जिन्यातून ओरडतेय,
मशीनची पाळी आत्ता लिही, नाहीतर थेट गुरुवार!
मी मोजे काखोटीला मारून तळघरात उतरते.
वहीतला रकाना अरुंद आहे.
अक्षरं बारीक काढली, शेवटचं जरा
हेल्वेबाईंच्या समासात गेलं.