कपाळावरची वेळ

सोहारच्या बंदराबाहेर, रिफायनरीच्या रस्त्याला
आमच्या कॅम्पचा पत्र्याचा दवाखाना होता.
एक खाट, ऑक्सिजनचं एक नळकांडं,
मासळीबाजारातून जुनं आणलेलं बर्फाचं मशीन
(पाण्याला अजून सुरमईचा वास),
आणि हिंदुराव शेडगे,
खटाव तालुका, पॅरा फील्ड अँब्युलन्समधून निवृत्त.

मी टाइमकीपर. त्याच्या खोलीत वरची खाट माझी.
खालची त्यानं मागून घेतली होती.
म्हणायचा, उंचावरून पुष्कळदा उतरलोय, आता पुरे.

जूनमध्ये साडेबारा ते साडेतीन काम बंद,
कागदावर.
एकच्या सुमारास पहिला यायचा,
कधी सिवानचा, कधी सिल्हेटचा,
घाम आटलेला, डोळे काचेचे,
समुद्रापलीकडच्या आईला हाका मारत.
हिंदुराव बुटाची लेस सोडत बसायचा नाही, कापायचा.
काखेत बर्फ, जांघेत बर्फ, ओली चादर, पंखा.
मग खिशातून जाड निळा मार्कर काढून
माणसाच्या कपाळावर वेळ लिहायचा.
एक दहा, सलाईन एक.
एक चाळीस, दोन.

पोरं हसायची. सुपरवायझर म्हणाला, रजिस्टर आहे ना?
"रजिस्टर टेबलावर राहतं," हिंदुराव म्हणाला.
"कपाळ माणसाबरोबर जातं."

एका रात्री जनरेटर बसला.
आम्ही चटया घेऊन पाण्याच्या टाकीपाशी गेलो.
तिथे अंधारात बोलला. तेवढंच, एकदाच.
सत्त्याऐंशी सालचा ऑक्टोबर. जाफन्याबाहेर केळीची बाग.
आग्र्याला सत्तावीस उड्या मारल्या होत्या,
लढाईत एकही नाही; तिथे हेलिकॉप्टरनं सोडलं.
एका पोराची मांडी गेली होती.
त्याला मॉर्फिन टोचलं, कपाळावर खूण करायला पेन शोधलं,
सापडलं नाही.
"बोट रक्तानं भरलेलंच होतं रे.
एक अक्षर उमटलं असतं.
सुचलं नाही. पुढचा ओरडत होता, पळालो."
मागून त्याचा जोडीदार आला, भला माणूस,
पोर कण्हताना बघून त्यानंही टोचलं.
पोर शांत झोपलं.
"जखमेनं गेलं की झोपेनं, कुणी विचारलं नाही.
मीही बोललो नाही."

बराच वेळ टाकीतलं पाणी ठिबकत राहिलं.
"पाचवीच्या रात्री सटवाई लिहून जाते म्हणतात.
तिचं कधी राहतं का, माहीत नाही.
माझं राहिलं."

मार्चमध्ये परांचीवरून नजरुल पडला.
तीन मजले. बेल्ट होता, हूक नव्हता.
त्याच्या कपाळावर हिंदुरावनं एकच वेळ लिहिली
आणि पुसली, ओल्या बोळ्यानं, दोनदा.
रात्री भात चिवडत म्हणाला,
"पाय फाकलेले होते."
मी गप्प. त्याला बहुतेक माझ्याशी बोलायचं नव्हतंच.

पुढच्या शुक्रवारी, नमाज आटोपल्यावर,
त्यानं कॅम्पमागच्या वाळूत तेलाचा पिंप उपडा घातला
आणि पंचेचाळिशीतला तो माणूस वर चढला.
पाय जोड. गुडघे जोड. हनुवटी छातीला.
जमिनीकडे बघू नकोस, ती येतेच.
आणि पडला: पोटरी, मांडी, कूस, खांदा,
ओल्या कपड्याची घडी उलगडावी तसा.
तीन मजल्यांवरून याचा उपयोग नाही, हे त्याला माहीत होतं.
दोन मीटरवरूनही माणसं पडतात, म्हणाला.

सिवान पडलं, सिल्हेट पडलं,
करीमनगरचा वेल्डर तोंडावर पडला आणि हसत सुटला.
मी पडलो तेव्हा डावा गुडघा सुटला.
"पुन्हा," हिंदुराव म्हणाला.
पुन्हा सुटला.
"पुन्हा."

अंधार पडला तेव्हा आम्ही जेवायला गेलो.
वाळूत कुशींचे ठसे होते, एकात एक मिसळलेले,
चाळीसेक माणसं तिथे झोपली असावीत
आणि सगळीच्या सगळी
उठून गेली असावीत, तसे.