हातचा एक

इन्व्हरकार्गिलच्या जुन्या लोकर-गोदामात
जूनची गारठलेली सकाळ. पत्र्याला आतून दव.
गठ्ठे कधीच गेले, मेंढीचा तेलकट वास मागे राहिला,
आता त्यात खडूची पूड आणि रबर.
माझ्याकडे पाटी, कानामागे पेन्सिल.
मी मोजणारा. वाकलो तर कंबर बोलते.

पाच फेऱ्या. आधी वल्ह्याचं यंत्र, मग बर्पी,
मग बार डोक्यावर, पंधरा वेळा.
बायका-पुरुष एकाच फरशीवर;
बारचं वजन वेगळं, घड्याळ एकच.

पाचव्या पट्ट्यात लॅकलन ड्रमंड.
भोंगा वाजला आणि तो सुटला
मागे कुत्रं लागल्यासारखा.
तीन मिनिटं दोन सेकंद!
फळ्यावरचा आकडा बघून गोदाम ओरडलं,
त्याचा बापसुद्धा,
जो गुरांच्या लिलावातही
नुसती भुवई उचलतो.

सहावा पट्टा माझा. मेरेआना टिपोकी.
टुआटापेरेकडच्या शेडांत मेंढ्या कातरते,
मेंढीमागे पैसे, दिवसाचे आठ तास.
तीन एक्केचाळीस.
कोणी ओरडलं नाही.
तीन बेचाळीस.
मी पेन्सिल जिभेला लावली.
तीन एक्केचाळीस.

शाळेत बेरजेतला हातचा एक
आम्ही बोट मुडपून धरायचो.
विसरला की अख्खं उत्तर चुकायचं.
हिनं तो कुठं धरला होता, दिसत नव्हतं.
बार खाली ठेवायची, दोन श्वास,
तिसरा सुरू व्हायच्या आत पुन्हा उचलायची.
दम खाणं आणि दम लागणं
यांत एका श्वासाचं अंतर असतं म्हणे.

चौथ्या फेरीत लॅकलन बारकडे बघत उभा राहिला,
कोणी दुसऱ्याचंच सामान
त्याच्या दारात आणून टाकल्यासारखा.
ती शेजारून पुढे गेली. वळून पाहिलं नाही.
शेवटच्या फेरीत मात्र मुडपलेलं बोट उघडलं:
तीन सत्तावीस. मीच दोन बर्पी मोजायला चुकलो असतो.

"एवढं राखून कसं ठेवलंस?" सही घेताना विचारलं.
म्हणाली, "सोमवारी ही पाठ मलाच लागणार आहे."

मला वाटलं, सापडलं.
बायका राखतात, पुरुष उधळतात;
पाटीच्या कडेला तसं लिहायलाही घेतलं.
पुढच्याच गटात एकोणीस वर्षांची ब्रायर
पहिल्या फेरीत वाऱ्यासारखी सुटली,
तिसरीत बादलीवर ओणवी झाली,
आणि टाविटा, पोस्टाची गाडी चालवणारा,
पाचही फेऱ्या एका मापाच्या कापून
शांतपणे नववा आला.
मी खोडरबर शोधलं.

लॅकलन अजून फरशीवर पडून होता,
खाली त्याच्याच आकाराचा ओला डाग.
मी पाणी दिलं. त्यानं घेतलं नाही.
"माझी पहिली फेरी किती होती?"
"तीन दोन."
तो छताकडे बघून हसला.
जरा वेळानं पुन्हा विचारलं.
मी पुन्हा सांगितलं.