पाणी लागलं

ताइस्तो आला दुकान उघडायच्या आधीच.
ताम्पेरेत डिसेंबरची सकाळ म्हणजे रात्रच,
बर्फावर फक्त खांबाच्या दिव्याचा पिवळा डाग.
कोटाच्या आतून त्याने पिशवी काढली,
अंगाच्या उबेत आणलेली,
जणू उबेचा अजून काही उपयोग होता.

आत माझ्याकडूनच नऊ दिवसांपूर्वी नेलेलं मऊ प्रवाळ.
तेव्हा अळंबीच्या टोपीसारखं होतं, काठाला दुमड,
आणि शेकडो बारीक बोटं
पाण्यात काहीतरी चाचपत असलेली.
आता उकडलेल्या बटाट्याची साल.
मी गाठ सोडली आणि लगेच पुन्हा मारली.
वास आधी काउंटरवर आला, मग आम्हा दोघांत.

"माझं काय चुकलं ते सांग."

मी नेहमीचं विचारत गेले.
पिशवी टाकीत तरंगत ठेवली होती? हो, अर्धा तास.
मग थेंब थेंब टाकीचं पाणी, सलाइनसारखं,
दोन तास, शेजारी स्टुलावर बसून.
मीठ? त्याने वही काढली.
हजारी पस्तीस, पस्तीस, पस्तीस,
रोज सकाळी सातला, एकाच पेन्सिलीने.
दिवा मंद, वर जाळीचा पडदा.
जागा एकदा ठरवली ती ठरवली.
तिसऱ्या दिवशी अंगावर मेणासारखा पापुद्रा आला
तेव्हाही हात लावला नाही.
"तूच म्हणालीस, कात टाकतं. मी वाट पाहिली."

इतरांना सांगायला माझ्याकडे पुष्कळ असतं.
घाई केलीत. प्रवाह थेट तोंडावर सोडलात.
शेजारचं प्रवाळ भांडकुदळ, रात्री विष सोडतं.
टाकी दोन आठवड्यांची, अजून कच्ची.
याच्यापुढे मात्र ओंजळ रिकामी.
परक्या गावचं पाणी लागलं असेल, असं म्हणून
मी सुटणारच होते,
पण सहज विचारलं: मासे कधी आजारी होते?

तो खुलला.
गेल्या हिवाळ्यात! दोघांच्या अंगावर पांढरे ठिपके,
मिठाचे कण शिंपडावेत तसे.
निळं औषध घातलं, दहा दिवस, मोजून.
दोघंही वाचले. अजून हातातून खातात.
"त्याच टाकीत घातलंस?"
"मग कुठे? त्यांचं घर तेच."

निळं म्हणजे तांबं.
चाळीस वर्षं या माणसाने हेर्वांताच्या इमारतींतून
मजल्यावर मजला तांब्याचे पाइप चढवले.
तांबं दगा देत नाही, हे वाक्य
मी त्याच्याकडून दर शनिवारी ऐकते.

सांगायला लागलंच.
औषध पाण्यातून गेलं, दगडांतून गेलं नाही.
कुठेतरी पाणी मुरतंय म्हणतात, ते हे.
दगड ते पितो, धरून ठेवतो,
आणि कुणी मागितलं नसताना थोडं थोडं परत देतो.
माशांना त्याचं काही नाही.
पण प्रवाळाचं सगळं अंगच तोंड,
ते मिटून किती मिटणार?
नऊ दिवस मिटून राहिलं.

ताइस्तोने कॉफी घेतली, साखर घालायला विसरला.
"दगड किती दिवस लक्षात ठेवतो?"
ठाऊक नाही, म्हटलं. महिने. कदाचित वर्षं.
तांबं शोषणारी पुडी ठेव गाळणीत, पाणी बदलत राहा,
नाहीतर दगडच काढ.
"एकतीस किलो आहेत," तो म्हणाला.
"लिफ्ट बंद होती. पाच मजले."
मग स्वतःशीच हसल्यासारखा झाला, पण हसला नाही.

नवं प्रवाळ मी दाखवलं नाही, त्याने पाहिलं नाही.
तांबं मोजायची एक डबी घेतली,
तिच्यावरची बारीक अक्षरं
चष्मा कपाळावर चढवून वाचली.
पिशवी काउंटरवरच राहिली.

दारापाशी, जुन्या सवयीने,
भिंतीवरून गेलेल्या पाइपवर त्याने नख वाजवलं,
कान देऊन ऐकलं.
"हा माझा नाही," म्हणाला,
आणि टोपी कानांवर ओढून
अंधारात उतरला.