साडेबारा टक्के

बेलापूरला, सेक्टर पंधरात, हॉटेल कमलछाया.
खाली परमिट रूम, वर फॅमिली एसी,
आणि जिन्याखाली, जिथे एरवी
पाण्याच्या बाटल्यांचे खोके असतात,
तिथे शुक्रवारी आम्ही चौघं.

फळ्यावर खडूनं बँडचं नाव: साडेबारा टक्के.
बाहेरच्यांना वाटतं डिस्काउंट आहे.
एकानं बिल भरताना खरंच मागितला.

निशाद मढवी, गिटार आणि गळा. दिवसा रबाळ्याला फिटर.
करंगळीत स्टेनलेसच्या पाइपचा तुकडा, दीड इंची,
स्वतः कापलेला, कडा घासलेला.
तारेवरून तो सरकला की सूर पायऱ्या सोडतो,
ओहोटीला चिखलातून होडी ओढावी तसा
आधी अडतो, मग एकदम येतो.

हसुराम तांडेल, ड्रम. वीस वर्षं हळदीतली बँजो पार्टी,
डावा हात अजून जरा उशिरा पडतो.
कुरियन, ऑर्गन. रविवारी चर्चमध्येही तोच,
पण तिथे पाय हलवत नाही.
मी बेस. अंतरपाटामागे मामा उभा असतो, तसा.

गाणी जुनी, न पाहिलेल्या गावांची.
निशादचा काका बोटीवर होता.
सव्हाना बंदरातून त्यानं सात कॅसेटी आणल्या,
मोज्यांत गुंडाळून.
करावे गावात आम्ही त्या ऐकल्या
टेपमधले सेल उतरलेले असताना.
गाणारा म्हातारा वाटायचा, गिटार ओल्या पोत्यासारखी जड.
पुढे कुरियननं खरी गाणी ऐकवली. भराभर. वरच्या पट्टीत.
एकदा तशी वाजवून पाहिली
आणि गुपचूप परत आलो
उतरलेल्या सेलच्या लयीत.

आज टीव्हीवर मॅच, आवाज बंद.
निशादचा सोलो चढत गेला, डोळे मिटलेले,
आणि टाळ्या, शिट्ट्या, कुणी टेबल बडवलं.
विकेट पडली होती.
त्यानं मान झुकवून सगळं घेतलं.
मी सांगितलं नाही. सांगणारही नाही.

मग आमचं स्वतःचं ते एकच.
बारा घरांचा फेरा. कुरियन त्यांना बार म्हणतो,
बारमध्ये आणखी बार नकोत म्हणून आम्ही घरं म्हणतो.
ओळी तीन, त्यातली एक दोनदा,
कारण पहिल्यांदा ती कुणाला खरी वाटत नाही:

सातबारा गेला माय, साडेबारा टक्का आला,
सांगतो ना, सातबारा गेला, साडेबारा टक्का आला,
टक्क्यावर टॉवर, टॉवरला बाप वॉचमन झाला.

आयकार्ड गळ्यात असलेलं टेबल हसलं.
कोपऱ्यातला म्हातारा हसला नाही.
पांढरा सदरा, क्वार्टर, उकडलेले चणे.
उठून थेट ड्रमपाशी आला, आणि वाकून:
“यो कनचा रं? हलदीचा का मयताचा?”

बारावं घर संपलेलं. पहिलं लागायला हवं होतं.
हसुरामची काठी वर,
डावा हात नेहमीपेक्षाही उशिरा.
मी तेव्हा पहिल्यांदा मोजलं,
अर्ध्या घराएवढी जागा.
तिच्यात काहीच वाजत नव्हतं,
फक्त वरच्या एसीचं पाणी
बादलीत पडत होतं.

मग पडला हात.

साडेतीन हजार आणि चार सुरमई थाळ्या, असं ठरलेलं.
सुरमई तीनच निघाल्या. मला बांगडा.

एक वाजता टेम्पो पामबीचला लागला.
अॅम्प दोरीनं बांधलेले, खाडीचा वास,
हसुराम फळीवर बोटं आपटत होता.
म्हाताऱ्याला काय सांगितलंस, मी विचारलं.

“सांगितला, बसा बाबा. अजून येक फेरा हाय.”

मग?

“बसला.”