घुमटाचं तिकीट

सप्रेम नमस्कार.
इथवर पाच वेळा लिहिलं, पाच वेळा खोडलं.
आता सरळच लिहिते:
पैसे हवे आहेत.

चार लाख बारा हजार.
लिथुएनिया नावाचा देश आहे,
मीही आधी नकाशातच शोधला,
तिथल्या सात गावांनी बोलावलंय.
जेवण त्यांचं, अंथरूण त्यांचं, थंडी त्यांची.
विमान आपलं.

आम्ही तिघं. शामेळावर गुरुदास,
झांजेवर त्याची भाची उर्वी,
घुमटावर मी, कुंदा गावस, डिचोली.
आणि चौथं घुमट.
मातीचं आहे. सामानात टाकलं
तर तिकडे उतरेल खापरांचं पोतं.
म्हणून त्याला सीट हवी. मधली चालेल. पट्टा बांधू.
तिकिटं काढणाऱ्या मुलीनं विचारलं, पॅसेंजरचं नाव?
घुमट.
आडनाव?
गुरुदास मागून म्हणाला, कुंभार.

दुसऱ्या एका फॉर्मवर प्रश्न आहे: प्राण्याचं कातडं आहे का?
आहे. बकरीचं.
वडिलांच्या घुमटाला घोरपडीचं होतं,
ते माळ्यावर आहे, कायद्याला भिऊन गप्प.
बकरी जरा उशिरा बोलते.
पण बोलते.

बुधवारच्या बाजारात वही घेऊन फिरले.
मेणबत्तीवाली एस्पेरांसा: चाळीस रुपये,
वर एक मेणबत्ती, विमान हललं तर लाव म्हणून.
विमानात लावू देत नाहीत, हे तिला सांगितलं नाही.
तुळशीदास: पाचशे.
खाण बंद पडल्यापासून त्याचे दोन ट्रक
आंब्याखाली उभे आहेत, टायरात बेडूक नांदतात.
नको म्हटलं तर भडकला,
"ट्रक गंजलाय गो, मी न्हय!"
बँकेतल्या सरांनी सल्ला दिला.
तोही वहीत मांडलाय. रक्कम: शून्य.

आणि एक पाकीट, दाराखालून सरकवलेलं. अकराशे.
वर फक्त 'गुप्तदान'.
पण ते लांब शेपटीचं 'न' मी ओळखते.
आरतीची पाळी लावणारा कागद
देवळाच्या खांबावर याच अक्षरात लागायचा,
आणि एका चवथीला याच हातानं
माझ्या मांडीवरचं घुमट उचलून
माझ्या धाकट्या भावाला दिलं होतं.
भाऊ आज दुबईत एसी बसवतो.
पाकीट मी दोन दिवस उघडलंच नाही.
मग उघडलं. पावती फाडली. नाव: गुप्त.

बाबल कुंभारानं पैसे दिले नाहीत.
तीन भांडी दिली, भट्टीतून नुकती निघालेली, कोमट.
म्हणाला, वाटेत एक फुटतं, एक हरवतं,
एक परत येतं. तिन्ही ने.
सीट एक, घुमटं तीन.
हा हिशेब मी अजून केलेला नाही.

मागायची सवय नाही मला.
हंगामात कळंगुटच्या शॅकवर वाजवते,
तिथे ते मागतात: काहीतरी नाचायसारखं.
सुवारीवर नाचता येतं, पण आधी थांबावं लागतं,
आणि तिथे थांबत कोण नाही.

घुमटाला दोन तोंडं. मोठ्यावर कातडं,
धाकटं उघडं.
उजवा हात मारतो.
डावा त्या उघड्या तोंडावर झाकतो, सोडतो, झाकतो,
पोटातला आवाज त्याच्यावरच चालतो.
बाजारात हात पसरला
तेव्हा तो डावा होता, हे घरी आल्यावर लक्षात आलं.
तुळशीदास काही बोलला नाही.
एस्पेरांसानं तर त्याच हातावर पैसे ठेवून
वरून बोटं मिटवली.

अजून सत्तावीस हजार कमी आहेत.
द्यायचे तर द्या. नाही जमलं तर
शनिवारी संध्याकाळी बाजाराच्या चौकात या,
जाण्याआधी तिथे वाजवणार आहोत,
खुर्च्या आपापल्या आणा.

आपली,
कुंदा

ता. क. काल कुणाच्या तरी पोरानं
घुमटाच्या उघड्या तोंडातून नाणं टाकलं.
ते आत कडेला कुठेतरी अडकलंय.
वाजवताना बोलाच्या मागून बारीक किणकिणतं.
तिरकं करून ठोकलं तर पडेल.
अजून ठोकलं नाही.