पोटमाळा

खेतवाडीच्या एका गल्लीत, कुंभारे प्रिंटर्सच्या गाळ्यात
जमिनीपासून सात फुटांवर एक पोटमाळा आहे.
पालिकेच्या नकाशात तो नाही.
लोखंडी शिडी चढून वर गेलं की कागदाची रिमं,
दोन संगणक,
आणि मान वाकवून बसलेली मी.

आज सकाळी अपडेट आले, एकशे बारा पॅकेजं.
मी 'हो' म्हटलं आणि चहा सांगायला खाली उतरले.
परत येते तो जुळणीचा प्रोग्रॅम उघडेना.
काळ्या पडद्यावर एकच ओळ: अमुक चिन्ह सापडत नाही.
आणि खाली काउंटरशी गोऱ्हे उभे,
मुलीच्या लग्नाच्या चारशे पत्रिका, संध्याकाळी सहाला हव्यात.

तेव्हाही गोऱ्हेच होते. यांचे थोरले भाऊ.
त्या काळी यंत्राला आपला ऱ्ह यायचा नाही,
रेफ होऊन ह-च्या डोक्यावर चढून बसायचा,
वऱ्हाड मोडायचं, कऱ्हाड मोडायचं.
थोरल्यांनी प्रूफ परत सरकवलं होतं:
"बाई, हे माझं नाव नव्हे."

मग मी सोर्स उतरवला.
सी भाषा मला येत होती तेवढीच, जेवढी शेजारणीची गुजराती.
तीन रात्री. र पापणीसारखा आडवा पडला पाहिजे,
ह-च्या अगदी कुशीत;
मी तो केसभर डावीकडेही सरकवला,
उगाच, मला बरा दिसतो म्हणून.
कंपाइल व्हायला चाळीस मिनिटं, पंख्याची घरघर,
आणि मग मेक इन्स्टॉल.
आपणच रांधलं, आपणच वाढलं.

पॅकेज मॅनेजरच्या वहीत सगळ्यांची नोंद असते,
कोण कुठून आलं, कुणावाचून कुणाचं अडतं.
आज त्याला माझ्या फाइलबद्दल विचारलं.
म्हणाला, ही कुठल्याच पॅकेजची नाही.
खोटं बोलत नाही तो.
वॉर्ड ऑफिसही पोटमाळ्याबद्दल हेच सांगेल.

निनाद वर आला, माझ्या खांद्यावरून वाचत राहिला.
"ताई, यूएसआर लोकलमधली तुमची जुनी लायब्ररी
दारातच उभी आहे. हाक मारली की तीच 'ओ' देते,
मागची नवी पुढे येतच नाही."
"पण नवीला ऱ्ह येतो?"
"सहा वर्षं झाली की."

सहा वर्षं.
आणि मी प्रत्येक पत्रिकेगणिक मनात म्हणत होते,
आहे म्हणून चाललंय.

काढायची तर कशी? सोर्सचा फोल्डर जुन्या डिस्कवर,
डिस्क भंगारात, पावणेदोनशे रुपयांना.
उरली फक्त तारीख.
तारखेवरून शोधलं: कोजागरीची पहाट, तीन वाजून बारा मिनिटं,
तेवीस फाइली, सगळ्या एकाच मिनिटाच्या.
एका आज्ञेत गेल्या असत्या.
मी एकेक नाव वाचून काढत गेले,
निनाद घड्याळाकडे बघत होता, बोलला नाही.

मग लोडरला वाटा पुन्हा मोजायला लावल्या.
प्रोग्रॅम उघडला. टाइप केलं: गोऱ्हे.
बरोबर आलं. अगदी बरोबर.
र तेवढा केसभर उजवीकडे.

सहाला गोऱ्ह्यांनी कार्यालयाचा पत्ता तपासला,
मुहूर्ताची मिनिटं तपासली,
कागदावर अंगठा फिरवून जाडी पाहिली.
नावाकडे पाहिलंच नाही.
बरोबर असलेल्या नावाकडे कोण पाहतं?

"लोकलमध्ये आता काय उरलं?" निनादने विचारलं.
"काही नाही," म्हटलं, आणि दिवा घालवला.
"ताई, डोकं," तो खालून ओरडला,
तोवर तुळई लागली होती,
नेहमीच्याच जागी.