चौकशी खिडकी

जिंतूरच्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीमागे
बावीस वर्षं बसलोय मी.
मंठा, चारठाणा, औंढा, सेनगाव,
जिभेला गावं पाठ आहेत.
माणसं मात्र मला पुरती दिसत नाहीत,
अर्धगोलातून आत येणारे हात दिसतात फक्त.

त्या बुधवारी हातच आले नाहीत.
सगळे कॅन्टीनच्या टीव्हीखाली
लांबच्या शहरातला धूर बघत उभे.
लिंबाजी खिल्लारे हमाल तेवढा
सेनगाव गाडीच्या टपावर कांद्याची पोती आवळत होता.
त्याची विशाखा त्याच शहरात, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला.
मला ते आठवलं
आणि मी माईक बंद केला,
जणू माझ्या आवाजानंच काही घडणार होतं.

तीन वाजता फोन वाजला. माझ्याच टेबलावरचा.
पहिल्या स्फोटातून वाचली होती म्हणे पोरगी.
बाहेर आली होती. चप्पल शोधत होती.
मग आतून कुणी हाक मारली, आणि ती परत गेली.

"लिंबाजी खिल्लारे, असतील तिथून
चौकशी कक्षाकडे यावे."
रोजचंच वाक्य.
अख्ख्या स्थानकाला कळलं.
टपावरून उतरायला त्याला फार वेळ लागला.
खिडकीतून त्याचे हात आले,
कांद्याचा पाचोळा चिकटलेले,
आणि म्हणाले, "काहून बोलावलं जी?"

नंतर परिपत्रक आलं. दर पंधरा मिनिटांनी घोषणा :
बेवारस वस्तूला हात लावू नये.
एका बाकाखाली डबा सापडला.
परभणीहून पथक आलं, कुत्रं आलं, दोरी बांधली गेली.
आत दोन भाकरी निघाल्या, तिळाची चटणी.
कुणी हसलं नाही.
डब्याची मालकीण खांबाआड उभी होती सारा वेळ,
'माझा' म्हणायला भीत.

मोईनच्या फुटाण्याच्या गाड्यावर झेंडा दिसला,
चाकापेक्षा मोठा.
गिऱ्हाईक तरीही वळसा घालून जायचं.
तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी लिंबाजी कामावर आला,
गाड्यापाशी थांबला.
"हा कवा लावलास?"
"परवा, मामू."
"कामून?"
मोईन भट्टीतली वाळू हलवत राहिला.
लिंबाजीनं मूठभर फुटाणे घेतले,
पैसे ठेवले, तिथंच उभं राहून खाल्ले,
सगळ्यांना दिसेल असे, सावकाश, एकेक सोलून.
तोंडाला चव नसणार त्याच्या.

दोन मिनिटं स्तब्धतेची घोषणाही मीच केली.
ड्रायव्हरांनी इंजिनं बंद केली.
पत्र्याखाली चिमण्यांची घरटी आहेत,
मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं.
दीड मिनिटानं एक तान्हं लेकरू रडलं
आणि त्याच्या आईनं त्याला गप्प केलं नाही.

देश सावरतोय, असं पेपरात येत राहिलं.
असेल. दिल्लीचं मला काय दिसणार?
इथं पुष्कळ दिवस लोक
शेजारच्याच्या पिशवीकडे आधी बघायचे,
मग तोंडाकडे.

काल संध्याकाळी मंठा गाडी निघाली
आणि फलाट तीनवर एक निळी पिशवी उरली.
घोळका मागे सरला, पण पहिल्यासारखा नाही, दोनच पावलं.
कुणीतरी ओरडलं, "ओ माय, पिशवी ऱ्हायली की!"
मी नियम सांगायला माईक ओढला,
तोवर लिंबाजीनं ती उचलली होती,
छातीशी धरून गाडीमागं पळत होता,
पासष्टीचा माणूस, मुंडासं सुटलेलं.
मोईन शिट्टी वाजवत पुढं धावला.
गाडी गेटाशी थांबली.
खिडकीतून एक हात बाहेर आला,
हिरव्या बांगड्यांचा.

लिंबाजी परतला, धापा टाकत,
म्हणाला, "लेकराचं दप्तर व्हतं."
मग पाणी प्यायला गेला
आणि बराच वेळ नळापाशीच राहिला, नळ चालू ठेवून.

नियम मोडला गेला खरा. मी नोंद केली नाही.
पंधरा मिनिटं झाली की माझा अंगठा अजून बटणावर जातो,
क्षणभर अडतो.
काल त्या क्षणात चिमण्या ऐकू आल्या.
मग मी म्हणालो,
औंढा गाडी फलाट एकवर लागत आहे.